अमेरिकी कॉलेजातल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचा माग कसा काढायचा

आनंदीबाई जोशींचा १८८५ सालचा तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. शेजारी जपानची केइ ओकामी आणि दमास्कसहून आलेली साबात इस्लामबूली. तिघीही फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. लांबून आलेल्या या तिघींचं कौतुक तेव्हाही झालं आणि आजही होतं. पण त्याच कॉलेजात अमेरिकेतल्याच कृष्णवर्णीय मुलीही शिकत होत्या. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. रेबेका कोल १८६७ मध्येच तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. व्हेरिना हॅरिस १८८४ मध्ये दाखल झाली आणि १८८८ मध्ये पदवीधर झाली, म्हणजे आनंदीबाईंची शेवटची दोन वर्षं ती त्याच कॉलेजात होती.

अशा विद्यार्थ्यांचा इतिहास शोधायला बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात हमखास अडकतो. कारण सोपं आहे. कॉलेजच्या जुन्या यादीत नाव असतं, गाव असतं, पण वर्ण सहसा नसतो. यादी कितीही वेळा चाळली तरी कोण कृष्णवर्णीय हे कळत नाही. म्हणून खालचा क्रम उलटा वाटेल. कॉलेजचे कागद पाचव्या पायरीवर येतात आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. उदाहरणं मुख्यतः याच कॉलेजची आहेत, पण पद्धत येल, मिशिगन किंवा तुम्ही शिकत असाल त्या विद्यापीठालाही लागू पडते. निम्म्याहून जास्त काम नाशकात किंवा नेवार्कमध्ये घरी बसून होतं.

आधी जमवून ठेवा

- फॅमिलीसर्च या संकेतस्थळाचं खातं (फुकट मिळतं, अमेरिकी जनगणना आणि फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या बँकेच्या, नोंदी इथे आहेत)
- लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह (हाही फुकट)
- विद्यापीठाचं किंवा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड, वर्गणीचे डेटाबेस त्यावर उघडतात
- पासपोर्ट किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र
- पेन्सिली, साधी वही आणि फ्लॅश बंद करता येणारा फोन
- एक स्प्रेडशीट: नाव, सर्व आडनावं, जन्म, गाव, कागद कुठे सापडला, कोणत्या तारखेला पाहिला

शेवटचा रकाना लोक आळसाने सोडतात. मग चार महिन्यांनी "हे मी कुठे वाचलं होतं?" करत बसतात.

१. एक संस्था, एक कालखंड, आणि तिचा वारस

"अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्यार्थी" हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. एक कॉलेज आणि वीस-तीस वर्षं एवढंच धरा. मग त्या कॉलेजचे कागद आज कोणाकडे आहेत ते पाहा. आपलं उदाहरण १८५० साली फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया म्हणून सुरू झालं, १८६७ मध्ये नाव बदललं, १९७० मध्ये मुलांनाही प्रवेश मिळू लागला, पुढे विलीनीकरणं झाली. आता तो संग्रह ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात, आहे. जुन्या नावाने शोधणाऱ्याला हे कळत नाही आणि तो "कागद नष्ट झाले" असं समजून बसतो.

कोणी हे काम आधीच केलंय का, तेही बघून घ्या. मिशिगन विद्यापीठाच्या बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररीने १८५३ पासूनच्या आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांचा डेटाबेस उभा केला आहे. तुमचा विषय मिशिगन असेल तर सुरुवात तिथूनच करा.

२. नाव बाहेरून आणा

हीच खरी पायरी. कॉलेजने वर्ण लिहिला नाही, पण त्या मुलीच्या समाजाने तिचं नाव अभिमानाने छापलं, चर्चमध्ये उच्चारलं, शाळेच्या समारंभात वाचलं. तिथे जा.

*शाळा.* फिलाडेल्फियात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेली इन्स्टिट्यूट फॉर कलर्ड यूथ ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती (आजचं चेनी विद्यापीठ). रेबेका कोल तिथून १८६३ मध्ये बाहेर पडली. त्याच शाळेत सेरा मॅप्स डग्लस शिकवत असत आणि त्यांनी स्वतः १८५०च्या दशकात या वैद्यकीय कॉलेजात व्याख्यानं ऐकली होती. पदवीधरांच्या यादीत त्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय रेबेकाची गोष्ट अर्धी राहते. फिलाडेल्फियाबाहेरच्या मुलींसाठी ओबरलिन कॉलेज पाहा. तिथे १८३५ पासून कृष्णवर्णीयांना प्रवेश होता आणि तिथून पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे वळलेल्यांत कॅरोलाइन स्टिल आहे.

*घर.* पहिल्या पिढीतली शिकलेली माणसं बऱ्याचदा मोजक्या घरांतली असतात. एक घर सापडलं की त्याच्या सोयरिका उलगडत जा. कॅरोलाइन ही विल्यम स्टिल यांची मुलगी. दक्षिणेतून पळून आलेल्या शेकडो गुलामांना फिलाडेल्फियात आसरा देऊन त्यांची हकिकत लिहून ठेवणारे ते हेच. टॅनरांचं घर तर खजिनाच आहे. वडील बेंजामिन टकर टॅनर आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप, त्याआधी चर्चच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर' पत्राचे संपादक. मुलगा हेन्री चित्रकार. मुलगी हॅली आपल्या कॉलेजातून १८९१ मध्ये डॉक्टर. दुसऱ्या मुलीचं लग्न एरन मॉसेलशी झालं, तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा १८८८चा कायद्याचा पदवीधर. त्याचा भाऊ नेथन तिथलाच १८८२चा डॉक्टर. आणि एरनची मुलगी सेडी हिने १९२१ मध्ये त्याच विद्यापीठातून अर्थशास्त्रात पीएचडी मिळवली. एका वंशावळीत तुम्ही दोन संस्था आणि चाळीस वर्षं पार केलीत.

*वृत्तपत्रं.* 'ख्रिश्चन रेकॉर्डर' आणि १८८४ मध्ये सुरू झालेलं 'फिलाडेल्फिया ट्रिब्यून' ही दोन आधी. १९१० नंतरच्या विद्यार्थ्यांसाठी 'क्रायसिस' मासिकाचे शिक्षणविशेष अंक बघा. देशभरातल्या कृष्णवर्णीय पदवीधरांची नावं, पुष्कळदा फोटोसकट, तिथे दरवर्षी येत.

*अहवाल.* १९०० साली कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातून एक पाहणी प्रसिद्ध केली. कॉलेजांना पत्रं पाठवून "तुमच्याकडून किती निग्रो पदवीधर झाले?" असं त्यांनी विचारलं होतं. उत्तरं देणाऱ्या कॉलेजांचे आकडे त्यात मिळतात. हे डु बॉइस म्हणजे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं तेच. ते पत्र मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि ऑनलाइन वाचता येतं.

शोधचौकटीत त्या काळचे शब्द टाकावे लागतात: 'कलर्ड', 'निग्रो', 'कलर्ड लेडी फिजिशियन'. आजचे आदराचे शब्द टाकून १८८०चं वर्तमानपत्र सापडत नाही. स्वतः लिहिताना मात्र ते जुने शब्द अवतरणातच ठेवा.

३. आडनावांचा तक्ता करा

व्हेरिना मॉर्टन जोन्स या नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. या नावाने कॉलेजची १८८४ची यादी शोधली तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा ती हॅरिस होती. मॉर्टन आणि जोन्स ही दोन लग्नांची आडनावं नंतरची. कॅरोलाइन आधी स्टिल, मग वायली, मग अँडरसन. हॅलीचा प्रकार आणखी वेगळा. ती टॅनर, कॉलेजात शिरताना पहिल्या नवऱ्याच्या निधनानंतरची डिलन आणि पुढे जॉन्सन.

स्पेलिंगचाही घोळ असतोच. आपल्या आनंदीबाईंचं आडनाव तिथल्या कागदांत शेवटी दोन 'ई' लावून लिहिलेलं आहे, आपण आज लिहितो तसं नाही. प्रत्येक नावासमोर तीन-चार स्पेलिंगं लिहा आणि सगळी वापरा.

४. जनगणनेत माणूस गाठा

नाव मिळालं की जनगणना. वर्णाचा रकाना इथे असतो, म्हणून पुरावा म्हणून ती लागते. पण तिचे खाचखळगे माहीत नसतील तर ती फसवते.

१८५० पासून प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव लिहिलं जाऊ लागलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. गुलामांची मात्र १८५० आणि १८६० मध्ये वेगळी वही होती आणि तीत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, वर्ण. नाव नाही. इलायझा ग्रिअर गुलामगिरीत जन्मली आणि १८९७ मध्ये या कॉलेजातून डॉक्टर झाली. तिच्यासारख्यांची नावं दिसायला लागतात ती १८७० पासून. मधली फट भरायला फ्रीडमन्स बँकेच्या (१८६५ ते १८७४) खातेनोंदी बघा. खातेदाराच्या आईवडिलांची, भावंडांची, कधी पूर्वीच्या मालकाचीही नावं त्यांत मिळतात.

यापेक्षा मोठा खड्डा पुढे आहे. १८९०च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद १९२१ सालच्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर गेले. आपल्या मुली तर १८८४, १८८८, १८९१ मधल्या! म्हणजे १८८० मध्ये ती वडिलांच्या घरातली शाळकरी मुलगी दिसते आणि थेट १९०० मध्ये, दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच आडनावाने. ही वीस वर्षं शहराच्या डिरेक्टऱ्यांनी भरून काढावी लागतात. त्यांत नाव, धंदा, पत्ता असतो आणि काही शहरांच्या डिरेक्टऱ्यांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे खूणही असते.

आणि वर्ण लिहिला कोणी? दारात आलेल्या गणकाने, बहुधा नुसतं बघून. त्यामुळे तोच माणूस एका दशकात 'ब्लॅक', दुसऱ्यात 'मुलाटो' (मिश्रवंशीय), तिसऱ्यात 'व्हाइट' असा सापडू शकतो. एका नोंदीवर निष्कर्ष काढू नका. किमान दोन जनगणना आणि त्यांच्याबाहेरचा एक कागद (चर्च, शाळा, वृत्तपत्र) एकमेकांशी जुळले पाहिजेत.

५. आता कॉलेजचे कागद

आता तुमच्या हातात नावं आहेत, म्हणून याद्या बोलायला लागतील. या क्रमाने बघा:

- वार्षिक माहितीपुस्तिका. त्या वर्षाच्या विद्यार्थिनी आणि त्यांचं राज्य. पुष्कळशा ऑनलाइन आहेत.
- प्रबंध. पदवीसाठी प्रत्येकीला तो लिहावा लागे. रेबेका कोलचा डोळा आणि त्याच्या उपांगांवर आहे. आनंदीबाईंचा आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. हस्ताक्षर वळणदार, सराव लागतो.
- प्राध्यापक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं. प्रवेश, शुल्कमाफी, तक्रारी.
- डीनचा पत्रव्यवहार. आनंदीबाईंच्या वेळी डीन होत्या रेचल बॉडली.
- माजी विद्यार्थिनी संघाचे अहवाल.

इलायझा ग्रिअरचं १८९० मधलं पत्र या संग्रहातला सगळ्यात बोलका कागद आहे, असं माझं मत. आपल्याजवळ पैसा नाही, कष्ट करून मिळवू तेवढाच, तर गुलामगिरीतून सुटलेल्या बाईला शिकायला काही मदत मिळेल का, असं तिने कॉलेजला सरळ विचारलं. मग एक वर्ष काम, एक वर्ष अभ्यास असं करत ती सात वर्षांनी डॉक्टर झाली. त्यामुळे एका वर्षीच्या यादीतून नाव गायब झालं म्हणजे मुलीने शिक्षण सोडलं, असं धरू नका. पुढच्या दोन-तीन पुस्तिका उघडा.

फक्त पदवीधर मोजू नका, हेही इथेच सांगते. १८५० मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय शाखेत मार्टिन डिलेनी, डॅनियल लेंग आणि आयझॅक स्नोडन या तिघांना घेतलं, गोऱ्या विद्यार्थ्यांनी ओरड केली आणि सत्र संपल्यावर परत येऊ नका असं त्यांना सांगण्यात आलं. येलमध्ये जेम्स पेनिंग्टन १८३०च्या दशकात धर्मशास्त्राच्या वर्गात बसत, पण त्यांना बोलायची आणि ग्रंथालयातून पुस्तक न्यायची परवानगी नव्हती, नोंदणी तर नाहीच. येलने त्यांना मरणोत्तर पदवी दिली ती २०२३ मध्ये. असे लोक पदवीच्या यादीत नसतात, इतिवृत्तात असतात.

६. वाचनकक्षात जाताना

आधी संग्रहाची सूची, म्हणजे फाइंडिंग एड, ऑनलाइन वाचा आणि बॉक्स-फोल्डर क्रमांकांसकट ईमेल करा. "तुमच्याकडे कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची यादी आहे का?" या प्रश्नाला मिळालंच तर दोन ओळींचं उत्तर मिळतं. "१८८४ ते १८८८च्या माहितीपुस्तिका आणि त्या वर्षांची प्राध्यापक मंडळाची इतिवृत्तं बघायची आहेत, व्हेरिना हॅरिस या विद्यार्थिनीचा शोध घेते आहे" असं लिहिलंत तर अर्काइव्हिस्ट स्वतःहून आणखी दोन बॉक्स सुचवतात. ही मंडळी मदतीला उत्सुक असतात, फक्त प्रश्न नेमका हवा.

वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. बॅग लॉकरमध्ये, पेन बंद, पेन्सिल चालते, एका वेळी एकच फोल्डर, कागदांचा क्रम बदलायचा नाही. प्रत्येक फोटोआधी फोल्डरच्या लेबलचा फोटो काढा. विसाव्या शतकातली वैयक्तिक नोंद मागितलीत तर गोपनीयतेचे नियम आडवे येतील. बऱ्याच संस्था विद्यार्थ्यांच्या फायली ठरावीक वर्षं बंद ठेवतात. एकोणिसाव्या शतकाला हा त्रास सहसा नाही.

७. "पहिली" म्हणण्याआधी

येलच्या कॉलेजचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर एडवर्ड बुशे, १८७४, असं कित्येक दशकं सांगितलं जात होतं. २०१४ मध्ये लिलावाला आलेल्या जुन्या कागदांमुळे रिचर्ड हेन्री ग्रीन हे नाव पुढे आलं. न्यू हेवनमधल्या जोडे बनवणाऱ्याचा मुलगा, येलचा १८५७चा पदवीधर. सतरा वर्षांचा फरक! त्याच वर्षी येलच्या वैद्यकीय शाखेतून कोर्टलंड क्रीड बाहेर पडला होता, म्हणजे कोणती शाखा हेही सांगावं लागतं.

रेबेका कोलला अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टर म्हणणारे लेख आहेत. ती दुसरी. पहिली रेबेका ली क्रम्प्लर, १८६४, बोस्टनचं न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेज. दोघी रेबेका, त्यामुळे सरमिसळ फार होते. लिहिताना "आजवर मिळालेल्या कागदांनुसार सर्वांत आधीची" एवढंच म्हणा.

८. फोटो

क्रम्प्लरचा खात्रीचा एकही फोटो उपलब्ध नाही. तरी इंटरनेटवर तिच्या नावाखाली चेहरे फिरतात, ते दुसऱ्याच बायकांचे. फोटोखाली संग्रहाचं नाव आणि क्रमांक नसेल तर तो वापरू नका.

९. पदवीनंतरचा माग

नुसती पदवी सांगून थांबलात तर अर्धीच गोष्ट होते. राज्यांच्या वैद्यकीय परवान्यांच्या नोंदी, शाळा-कॉलेजांचे अहवाल, दफनभूमीच्या वह्या पाहा. हॅली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून त्यांच्या टस्कीगी या अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत डॉक्टर म्हणून गेली, अलाबामाची परवाना परीक्षा उत्तीर्ण झालेली पहिली स्त्री ठरली. आपल्याकडे टस्कीगी म्हटलं की कार्व्हर आठवतात. ते तिथे पोचले १८९६ मध्ये, हॅली त्यांच्याआधी पाच वर्षं. व्हेरिना मिसिसिपीत प्रॅक्टिस करणारी पहिली स्त्री-डॉक्टर. कॅरोलाइनला बोस्टनच्या एका स्त्रियांच्या इस्पितळाने आधी वर्णावरून नाकारलं, मग घेतलं. रेबेका कोलचं दफन फिलाडेल्फियाजवळच्या ईडन दफनभूमीत आहे.

घरातल्या कागदांचा नाद सोडू नका. विल्यम स्टिल यांची कौटुंबिक पत्रं टेंपल विद्यापीठाच्या ब्लॉक्सन संग्रहात आहेत. हार्वर्डचे १८७०चे पदवीधर रिचर्ड ग्रीनर यांचे कागद तर २००९ मध्ये शिकागोतल्या पाडायला घेतलेल्या घराच्या माळ्यावर पेटीत सापडले.

वंशजांना लिहिताना मात्र जपून. व्हॅसर कॉलेजची अनिता हेमिंग्ज १८९७ मध्ये गोरी म्हणून शिकली. खोलीतल्या मैत्रिणीच्या वडिलांनी गुप्तहेर लावल्यावर ती कृष्णवर्णीय असल्याचं उघड झालं. पुढेही तिचं कुटुंब गोरं म्हणूनच जगलं. पहिल्याच ईमेलमध्ये "तुमच्या पणजी कृष्णवर्णीय होत्या" असं लिहू नका. आधी ओळख द्या, काय शोधताय ते सांगा, त्यांना काय माहीत आहे ते विचारा.

१०. लिहिताना आणि देताना

आनंदीबाई आणि व्हेरिना मैत्रिणी होत्या, असं लिहायचा मोह तुम्हाला होईल. मराठी वाचकाला आवडेलही. पण त्यासाठी पत्र हवं, डायरीतली ओळ हवी. एकाच कॉलेजात, एकाच काळात, एवढंच कागद सांगत असेल तर तेवढंच लिहा.

९५ वर्षांहून जुनं छापील साहित्य अमेरिकेत सहसा प्रताधिकारमुक्त असतं. अप्रकाशित पत्रांसाठी लेखकाच्या मृत्यूला ७० वर्षं होऊन गेलेली असावी लागतात. तरीही अर्काइव्हने दिलेली प्रत छापण्यापूर्वी त्यांची परवानगी मागा आणि श्रेय कसं द्यायचं ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. तुम्हाला नवीन काही सापडलं, एखादं माहेरचं आडनाव किंवा चुकीची तारीख, तर बॉक्स-फोल्डर क्रमांकासह एक पानाचं टिपण अर्काइव्हलाही पाठवा. ते त्या विद्यार्थिनीच्या फायलीत जातं आणि पुढच्या शोधणाऱ्याला पहिल्याच दिवशी मिळतं.